अजिंठ्याचा स्मिथ छापलात, लोहाराचा पोर वगळलात

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला 'स्मिथ' आडनावावरचा लेख वाचला. लोहारकामावरून आडनाव पडलं आणि गावोगाव लोहार असल्याने ते इंग्लंडभर पसरलं, इथपर्यंत ठीक. अ‍ॅडम स्मिथ, टायटॅनिकचे कप्तान एडवर्ड स्मिथ यांनाही हरकत नाही. पण ब्रिटिश फौजेतल्या कॅप्टन जॉन स्मिथला 'अजिंठ्याचा शोध लावणारा' म्हणून निम्मा रकाना? फार राग आला.

लेणी आसपासच्या गावकऱ्यांना ठाऊकच होती. या साहेबाने २८ एप्रिल १८१९ रोजी काय केलं, तर दहाव्या लेण्यातल्या खांबावरच्या चित्रावर स्वतःचं नाव, पलटण आणि तारीख कोरली. तेव्हा आत दगडमातीचा ढीग होता, त्यावर उभं राहून कोरल्यामुळे ते नाव आज डोक्याच्याही वर दिसतं. शाळेची सहल घेऊन गेलो होतो, तेव्हा गाइडने नेमकी तिथेच बॅटरी मारली. सातवीतल्या एका मुलाने विचारलं, "सर, याचं नाव कौतुकाने दाखवतात, मग आम्ही कोरलं तर ओरडता का?" त्या पोराला काय सांगायचं? याच लेण्याची दर्शनी बाजू दान देणाऱ्या वासिठीपुत कटहादीचा लेख तिथेच दगडात आहे. गाइड त्यापाशी थांबला नाही, तुमचे लेखकही नाहीत.

आणि विल्यम स्मिथवर एक ओळही नाही! ऑक्सफर्डशायरमधल्या चर्चिल गावच्या लोहाराचा हा मुलगा. आडनावाची कथा सांगायला याच्याइतका चपखल माणूस मिळाला नसता. बाप लहानपणीच गेला. पुढे कालव्यांच्या मोजणीवर काम करताना कुठल्या थरात कोणते जीवाश्म सापडतात हे पाहून त्याने खडकांचा क्रम लावला, आणि १८१५ साली इंग्लंड-वेल्सचा भूशास्त्रीय नकाशा काढला. अंगावर कर्ज झालं. तिकडे कॅप्टनसाहेब चित्रावर नाव कोरत होते त्याच १८१९ साली हा त्या कर्जापायी लंडनच्या तुरुंगात होता. लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीने आपलं पहिलं वोलास्टन पदक त्याला १८३१ मध्ये दिलं. भूगोल शिकवताना मी हे नाव दरवर्षी फळ्यावर लिहीत असे.

येत्या रविवारी त्याच्यावर निदान एक चौकट द्यावी, आणि 'शोध लावणारा' हे शब्द दुरुस्त करावेत. शिवाय, माझं मागचं पत्र तुम्ही मधूनच कापलंत, त्यामुळे अर्थच उलटा झाला. हे पत्र कापायचं असेल तर छापू नका.

— एक निवृत्त शिक्षक, जळगाव