चि. मधूस

चि. मधू,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर माझा आवाज चढला, म्हणून लिहायला बसले. ताईच्या दोन्ही बीजकोशांत चॉकलेट सिस्ट, म्हणजे जुन्या रक्ताने भरलेल्या गाठी, निघाल्यापासून तू दूध सोडलंस, चपाती सोडलीस, आता मेसमधली कोबीही. पोटात इतकं दुखत असताना हे उपास कशाला? आणि डॉक्टरांना दाखवून आलीस का, याचं उत्तर अजून दिलेलं नाहीस. राहू दे. आधी तू विचारलंस ते सांगते: ताईचा एंडोमेट्रिओसिस, म्हणजे गर्भाशयाच्या आतल्यासारखं अस्तर बाहेर वाढण्याचा आजार, खाण्यापिण्याने टळतो का?

अमेरिकेत १९८९ साली नर्सेसचा एक मोठा अभ्यास सुरू झाला. त्यातल्या सुमारे ७० हजार जणींचा आहार वर्षानुवर्षं नोंदवला गेला. सर्वांत जास्त ट्रान्स फॅट, म्हणजे मुख्यतः हायड्रोजन घालून घट्ट केलेल्या तेलातली चरबी, खाणाऱ्या गटात दुर्बिणीने निदान झालेला एंडोमेट्रिओसिस सर्वांत कमी खाणाऱ्यांपेक्षा ४८ टक्के जास्त आढळला. माशांतलं ओमेगा-३ भरपूर खाणाऱ्यांत २२ टक्के कमी. एकूण तेलातुपाचा संबंध दिसला नाही, म्हणजे भातावरचं चमचाभर तूप घे. सोडायचं ते वनस्पती तूप, त्यातली खारी, पफ, क्रीम बिस्किटं आणि पुन्हापुन्हा तापवलेल्या तेलातले वडे. आपल्याकडे २०२२ पासून तेल-तुपात ट्रान्स फॅटची मर्यादा २ टक्के आहे, पण गाडीवरच्या कढईतलं तेल कितव्यांदा तापतंय ते कोण बघतं? पाकिटावर ‘अंशतः हायड्रोजनेटेड’ दिसलं तर परत ठेव.

आठवड्यातून दोनदा बांगडा किंवा तारली खा, कालवणात, तळून नको. जवस अख्खं गिळलंस तर तसंच बाहेर पडतं. भाजून कुटलेलं रोज एक मोठा चमचा घे. त्यातलं ओमेगा-३ शरीरात फार थोडं माशांतल्यासारखं बनतं, म्हणून मासे बंद करू नकोस.

मटणाची भीती तू कुठे वाचलीस ते कळलं. त्याच नर्सेसच्या अभ्यासात रोज दोनपेक्षा जास्त वेळा लाल मांस खाणाऱ्यांत धोका ५६ टक्के जास्त होता, आठवड्याला एकदा किंवा त्याहून कमी खाणाऱ्यांच्या तुलनेत. आपला रविवार त्यात बसत नाही. दूध-दही जास्त घेणाऱ्यांत धोका उलट कमीच दिसला, रोज संत्रं-मोसंबी खाणाऱ्यांतही. कोबी-फ्लॉवरच्या बाबतीत मात्र थोडा जास्त निघाला. गॅस धरून पोट दुखतं आणि त्यातून तपासणी होते, असंही त्याचं कारण असू शकेल. पोट फुगत असेल तर पाळीच्या दिवसांत कमी खा, कायमची सोडू नकोस. गहू सोडून धोका घटतो याला भक्कम पुरावा नाही.

आता हे नीट वाच. शंभरात सुमारे दहा बायकांना हा आजार असतो. २२ टक्के कमी म्हणजे दहाच्या जागी आठ. तेही निरीक्षणातून आलेलं, नक्की कारण म्हणून नाही. सख्ख्या बहिणीला आजार असल्याने तुझा धोका वाढतो, तो जवसाने पुसला जात नाही. आधीच झालेली सिस्ट आहाराने विरघळत नाही. निदानाला सरासरी ४ ते १२ वर्षं लागतात, कारण घरोघरी ‘लग्न झालं की थांबेल’ म्हणतात, आजीसारखं. दहावीच्या प्रिलिमला तू पोट धरून पेपर लिहिलास आणि तरी गणितात पहिली आलीस. बाबा अजून तो निकाल पाकिटात घेऊन फिरतात. तुझ्या त्या चिकाटीचा अभिमान वाटतो आणि तिचीच भीती वाटते. दुखणं सोसायची तुला सवय झाली आहे.

बघ, पुन्हा व्याख्यान झालं. रागावू नकोस.

दोन पाळ्यांची वही ठेव: तारीख, दुखणं ० ते १० पैकी किती, शौचाला-लघवीला दुखतं का, गोळी किती वाजता. पण वही भरेपर्यंत थांबू नकोस. डॉक्टरांना ताईचं पहिल्याच वाक्यात सांग. लग्न झालेलं नाही म्हणून बहुतेक पोटावरूनच सोनोग्राफी करतील, त्यात या आजाराचे लहान ठिपके सुटतात. एमआरआय लागेल का, ते विचार. रिपोर्ट नॉर्मल आला तरी ‘काही नाही’ एवढ्यावर उठू नकोस. दुखण्यावर उपचार माग.

कुटलेला जवस डब्यातून पाठवला आहे, फ्रीजमध्ये ठेव, बाहेर खवट होतो. आणि डॉक्टरांची वेळ घेऊन मला आजच कळव. हवं तर बाबा येतील सोबत.

तुझी,
आई