मुलाखतीत स्वतःचे अनुभव सांगण्याची तयारी हवी

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

बेळगाव, खानापूर, निपाणी आणि चिकोडी भागातील अनेक मुले-मुली दरवर्षी संगणकशास्त्राच्या पदवीच्या शेवटच्या वर्षात जातात आणि सातवे सत्र सुरू झाले की त्यांच्या घरी प्लेसमेंटखेरीज दुसरा विषय निघत नाही. मी मूळचा खानापूर तालुक्यातला असून पुण्यात सॉफ्टवेअर क्षेत्रात काम करतो आणि नव्या अभियंत्यांच्या मुलाखती घेणे हा माझ्या कामाचा एक भाग आहे. आपल्या भागातील उमेदवार कोडिंगच्या फेरीत कोणापेक्षाही कमी पडत नाहीत, हे मी अभिमानाने सांगतो. मात्र ‘सहकाऱ्याशी मतभेद झाले तेव्हा तुम्ही काय केले’, ‘काम वेळेत पूर्ण झाले नाही असा एखादा प्रसंग सांगा’ असे प्रश्न आले की तीच मुले पाठ केलेली वाक्ये म्हणू लागतात आणि चालून आलेली संधी त्या अर्ध्या तासात निसटते. या तयारीविषयी सविस्तर लिहावे असे फार दिवस मनात होते.

या प्रश्नांना बिहेवियरल प्रश्न म्हणतात. उमेदवार पुढे कसा वागेल याचा अंदाज, तो पूर्वी प्रत्यक्ष कसा वागला यावरून बांधावा, हा त्यामागचा विचार आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॉन फ्लॅनगन यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात वैमानिकांच्या निवडीवर काम करताना, लोकांची मते विचारण्याऐवजी घडलेले नेमके प्रसंग गोळा करण्याची पद्धत बसवली आणि १९५४ साली ती शोधनिबंधातून मांडली. आजच्या या प्रश्नांचे मूळ तिथवर जाते. सर्व उमेदवारांना सारखेच प्रश्न विचारून ठरलेल्या निकषांवर गुण दिले, तर मोकळ्या गप्पांच्या मुलाखतीपेक्षा निवड अधिक बरोबर ठरते, असे श्मिट आणि हंटर या मानसशास्त्रज्ञांनी १९९८ साली ८५ वर्षांच्या संशोधनाचा आढावा घेऊन दाखवले. पुढे २०२२ साली त्या आकड्यांची फेरतपासणी झाली, तेव्हाही अशा आखीव मुलाखतीचे स्थान वरचेच राहिले. मला यात आपल्या मुलांच्या हिताची गोष्ट दिसते. गप्पांच्या मुलाखतीत सफाईदार इंग्रजी आणि शहरी वळण यांची छाप पडते. आखीव मुलाखतीत या गोष्टींना वाव कमी राहतो. मराठी माध्यमातून एसएसएलसी (दहावी) झालेल्या, बारावीपर्यंत वर्गाबाहेर इंग्रजी न बोललेल्या मुलीसाठी ही फेरी सर्वांत न्याय्य ठरू शकते, पण त्यासाठी तिच्याकडे सांगण्यासारखे प्रसंग तयार असले पाहिजेत.

महाविद्यालयांतील प्रशिक्षणात स्टार पद्धत सांगितली जाते: आधी प्रसंग, मग आपल्यावरची जबाबदारी, मग आपण केलेली कृती आणि शेवटी परिणाम. पद्धत चांगली आहे. अडचण अशी की, विद्यार्थी प्रसंगाच्या वर्णनातच दीड मिनिट घालवतात आणि जिथे गुण असतात ती कृती एका वाक्यात उरकतात. समजा, चार जणांच्या गटाने गावच्या दूध डेअरीसाठी हिशेबाचे अ‍ॅप तयार केले आहे. मतभेदाविषयी विचारल्यावर नेहमीचे उत्तर येते की गटात उत्तम समन्वय होता, अडचणी आल्या, पण सर्वांनी मिळून त्यांवर मात केली. हे ऐकून मुलाखत घेणाऱ्याला कागदावर काहीही लिहिता येत नाही, कारण यात त्या उमेदवाराने काय केले ते कुठेच नाही.

आता तेच उत्तर खरेपणाने सांगता येईल. अ‍ॅपमधली रक्कम आणि डेअरीच्या पासबुकातली रक्कम यांत काही रुपयांचा फरक येत होता. गटातील मित्राच्या मते तो फरक किरकोळ होता आणि सादरीकरण दोन दिवसांवर आले होते. उमेदवाराने वाद वाढवण्याऐवजी आठवड्याच्या पावत्या मागून घेतल्या, प्रत्येक पावतीवरील फॅट आणि एसएनएफ (दुधातील स्निग्धांशाखेरीजचे घन घटक) यांच्या नोंदी अ‍ॅपमध्ये पुन्हा भरल्या आणि फरक नेमका कोणत्या नोंदींवर येतो ते शोधले. डेअरी छापील दरपत्रकातील रकान्यानुसार दर लावत होती, तर मित्राने लिहिलेला कोड दोन रकान्यांमधल्या आकड्यांसाठी सूत्राने दर काढत होता. पावत्या समोर ठेवल्यावर मित्राला ते पटले, दोघांनी दरपत्रक जसेच्या तसे डेटाबेसमध्ये भरले आणि त्याच पावत्यांवरून चाचण्या लिहिल्या. सादरीकरणात मात्र मासिक अहवालाचा भाग दाखवता आला नाही. हे शेवटचे वाक्य विद्यार्थी गाळतात. ते मुळीच गाळू नये, कारण कशासाठी काय सोडले हे सांगणाऱ्या उमेदवारावर विश्वास बसतो.

यानंतर उपप्रश्न येतात आणि खरी परीक्षा तिथेच होते. फरक प्रथम कोणाच्या लक्षात आला, डेअरीच्या सचिवांना आधीच का विचारले नाही, आज तेच काम करायचे झाले तर कुठून सुरुवात कराल, असे तीन-चार प्रश्न लागोपाठ विचारले की उसने घेतलेले किंवा एआयकडून लिहून घेतलेले उत्तर तिथल्या तिथे उघडे पडते. त्या साधनांकडून इंग्रजी तपासून घ्यायला माझी हरकत नाही. पण प्रसंगच त्यांच्याकडून घेणे ही फसवणूक आहे आणि ती विद्यार्थ्याच्याच अंगावर येते.

प्रसंग आणायचे कुठून, असे मुले विचारतात. विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचे मुख्यालय आपल्याच बेळगावात आहे आणि त्याच्या नियमित चार वर्षांच्या विद्यार्थ्यांना समाजोपयोगी कामाचे १०० अ‍ॅक्टिव्हिटी पॉइंट पूर्ण करावे लागतात. बहुतेकांसाठी ती केवळ प्रमाणपत्रांची फाइल ठरते. त्याच कामात कोणी ऐनवेळी माघार घेतली, कोणती योजना फसली, तेव्हा आपण काय केले, हे त्या आठवड्यातच वहीत लिहून ठेवले तर तयारीचा मोठा भाग तिथेच होतो. शिवजयंतीच्या चित्ररथाची जुळवाजुळव, गणेशोत्सव मंडळाचा जमाखर्च, घरच्या दुकानातील उधारीची वही, हे सारे अनुभव कामाचे आहेत. तरीही किमान निम्मे प्रसंग प्रोजेक्ट, इंटर्नशिप किंवा प्रयोगशाळेतले असावेत, कारण नोकरी संगणकाची आहे. इंटर्नशिपमधील प्रसंग सांगताना त्या कंपनीची गोपनीय माहिती उघड होणार नाही, हेही पाहावे.

अपयशाचा प्रश्न सर्वांना जड जातो. ‘मी कामात फार काटेकोर आहे, हाच माझा दोष’ हे उत्तर मुलाखत घेणाऱ्याने इतक्या वेळा ऐकलेले असते की त्याचा उलटाच परिणाम होतो. खरे अपयश सांगावे, त्यातली आपली चूक नेमकी सांगावी आणि पुढच्या वेळी काय बदलले याचा पुरावा द्यावा. दोष प्राध्यापकांवर किंवा मित्रावर ढकलला की ते उत्तर वाया गेलेच. नवीन काही वेगाने शिकल्याचा प्रसंग विचारला, तर मराठी शाळेतून इंग्रजी व्याख्यानांच्या वर्गात गेल्यावर पहिल्या सत्रात काय केले, कोणाची मदत घेतली, कोणत्या विषयात फरक पडला, हे सांगणे पूर्णपणे योग्य आहे. त्यात कमीपणा वाटण्याचे काहीच कारण नाही.

भाषेबाबत माझा आग्रह असा की, प्रसंग आधी मराठीत, घरी बोलतो तसा लिहावा आणि मग साध्या, छोट्या इंग्रजी वाक्यांत मांडावा. थेट इंग्रजीत लिहायला बसले की वाक्ये उसनी येतात आणि तपशील हरवतात. सहा-सात प्रसंग असे तयार झाले, तर बहुतेक प्रश्नांना पुरतात. उत्तर दोन मिनिटांच्या आसपास बसते की नाही, ते मोठ्याने बोलून पाहावे आणि शब्दशः पाठ करू नये. मुद्दे तेवढे लक्षात ठेवावेत.

हा सराव एकट्याने होत नाही. समोर बसून उपप्रश्न विचारणारे माणूस लागते आणि शहरातील खासगी वर्गांची फी सर्वांना परवडत नाही. कडोली, येळ्ळूर, उचगाव या गावांनी साहित्य संमेलने भरवण्याची परंपरा जपली आहे. तिथल्या आणि इतर गावांतल्या वाचनालयांनी महिन्यातून एक रविवार दुपार अशा सरावाला दिली, तर खर्च जवळजवळ काहीच येणार नाही. पुणे आणि बेंगळूरमध्ये नोकरी करणारे आपल्या भागातील शेकडो अभियंते आहेत. त्यांना व्हिडिओ कॉलवरून तास-दोन तास देणे अवघड नाही. आपल्या दैनिकाने वाचनालयांना आणि या अभियंत्यांना तसे आवाहन करावे, ही विनंती. ज्या वाचनालयाची तयारी असेल, त्याच्या विद्यार्थ्यांच्या सराव मुलाखती मी विनामूल्य घेईन.

आपला नम्र,
एक संगणक अभियंता,
ता. खानापूर, जि. बेळगाव