बाजारवार्तेतील ‘मुळे’

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या अर्थविषयक पानावरील शेअर बाजाराची बातमी निवृत्तीनंतरच्या दहा वर्षांत मी क्वचितच चुकवली असेल. माझ्याकडे दोन आयटी कंपन्यांचे आणि एका किरकोळ विक्री क्षेत्रातील कंपनीचे मोजके शेअर आहेत. म्हणून या दोन क्षेत्रांच्या बातम्यांची कात्रणे काढून ती दोनशे पानी वहीत चिकटवण्याची सवय मला जडली आहे. ही वही चाळताना एक गोष्ट वारंवार खटकली, तीच आपल्या कानावर घालतो: भाव ‘अमुकमुळे’ चढला वा उतरला असे बातमी सांगते, पण ते कारण कशावरून ठरले हे सांगत नाही.

वहीच्या एका पानावर एकाच आठवड्यातील दोन कात्रणे शेजारी शेजारी आहेत. सोमवारच्या बाजाराची बातमी सांगते की रुपया घसरल्यामुळे आयटी शेअरना मागणी आली. गुरुवारची बातमी सांगते की रुपया घसरल्यामुळे परदेशी गुंतवणूकदारांनी विक्री केली आणि आयटी शेअर खाली आले. दोन्ही विधानांना आधार आहे, हे मला मान्य आहे. या कंपन्यांचे बरेचसे उत्पन्न डॉलरमध्ये येते आणि पगाराचा मोठा भाग रुपयांत जातो, म्हणून रुपया उतरला की त्यांच्या नफ्याला हातभार लागतो. उलट परदेशी गुंतवणूकदाराच्या रुपयांतील गुंतवणुकीचे डॉलरमधील मोल त्याच वेळी घटते. परंतु त्या दिवशी यांपैकी कोणते कारण लागू पडले हे कोणी आणि कशावरून ठरवले, याचा बातमीत मागमूसही नव्हता. बाजार दुपारी साडेतीनला बंद होतो आणि रात्रीच्या आत पान लावायचे असते, ही घाई मी समजू शकतो. तरीही शेअर चढला की ‘खरेदीच्या जोरामुळे’ आणि उतरला की ‘नफावसुलीमुळे’ (म्हणजे चढ्या भावात शेअर विकून नफा पदरात पाडून घेतल्यामुळे) असे लिहिणे म्हणजे ताप अंग गरम झाल्यामुळे आला, असे सांगण्यासारखे आहे.

जेथे कारण खरोखर हाताशी असते, तेथे मात्र बातमी नेमकी आखडती होते. ‘डीमार्ट’ दालने चालवणाऱ्या ॲव्हेन्यू सुपरमार्ट्‌सचे जुलै ते सप्टेंबर २०२४ या तिमाहीचे निकाल आठवून पाहावेत. महसूल सुमारे १४ टक्क्यांनी आणि नफा जवळपास ६ टक्क्यांनी वाढला होता. तरी १४ ऑक्टोबरला शेअर ८ टक्क्यांहून अधिक पडला. नफा वाढूनही शेअर कसा पडला, या आश्चर्याचे उत्तर कंपनीच्याच निवेदनात होते. दोन वर्षे वा त्याहून जुन्या दालनांची विक्री ५.५ टक्केच वाढली होती आणि मोठ्या महानगरांतील दालनांवर ऑनलाइन किराणा विक्रीचा परिणाम दिसत असल्याचे व्यवस्थापनाने स्वतः नमूद केले होते. नवी दालने उघडली की एकूण विक्री वाढणारच. पूर्वीचे गिऱ्हाईक पुन्हा किती येते, ते जुन्या दालनांच्या आकड्यावरून कळते. आमच्या घरापुरते सांगायचे तर महिन्याच्या पहिल्या रविवारी सौभाग्यवती वाणसामानाची यादी करतात, ती अलीकडे निम्म्यावर आली आहे. दही, कोथिंबीर आणि ऐन वेळी संपलेला रवा आता मोबाइलवरून मागवला की दहा-पंधरा मिनिटांत दारात येतो.

इन्फोसिस या आयटी कंपनीचे १२ एप्रिल २०१३ चे उदाहरणही असेच आहे. त्या तिमाहीत कंपनीचा नफा वाढलेला असूनही एका दिवसात शेअर २१ टक्क्यांहून अधिक घसरला, कारण पुढील वर्षाच्या महसूलवाढीचा कंपनीने दिलेला अंदाज बाजाराच्या अपेक्षेपेक्षा बराच कमी होता. सरलेल्या तिमाहीचे आकडे ठळक टाइपात आणि हा पुढचा अंदाज शेवटच्या ओळीत, ही मांडणी वाचकाला फसवी ठरते.

तुलना कशाशी केली आहे, हेही अनेकदा गुलदस्त्यात राहते. ऑक्टोबर ते डिसेंबर ही तिमाही अमेरिका-युरोपातील सुट्ट्यांमुळे आयटी कंपन्यांना सहसा मंद जाते, तर दिवाळी आणि लग्नसराईमुळे दुकानदारीत तेव्हाच तेजी असते. (हे ‘मुळे’ दरवर्षी तपासून घेता येते, म्हणून मी ते निःशंकपणे वापरतो.) त्यातही आपले सण इंग्रजी तारखांना बांधलेले नाहीत. २०२४ मध्ये दसरा १२ ऑक्टोबरला होता आणि सप्टेंबरची अखेर पितृपक्षात गेली, ज्यात आपल्याकडे पुष्कळ घरांत कापडचोपड घेत नाहीत. २०२५ मध्ये २२ सप्टेंबरलाच घटस्थापना झाली आणि त्याच दिवशी अनेक वस्तूंवरील जीएसटीचे कमी केलेले दर लागू झाले. या दोन वर्षांतील जुलै ते सप्टेंबरच्या विक्रीची तुलना छापताना पंचांगाचा उल्लेख एका वाक्यात तरी यायला हवा होता. मला तो कोठे आढळला नाही.

आणखी एक बारीकशी गोष्ट. सप्टेंबर २०१८ मध्ये इन्फोसिसने एकास एक बक्षीस समभाग दिले, म्हणजे प्रत्येक शेअरमागे आणखी एक शेअर मोफत दिला, तेव्हा भाव साहजिकच निम्म्यावर आला. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता आमचे शेजारी एका वृत्तपत्रातील भावांचा तक्ता हातात घेऊन, दाढीचा साबण तोंडावर तसाच ठेवून, माझ्या दारात उभे होते. त्यांचे शेअर दुप्पट झाले आहेत, हे पटवून देण्यात माझा पहिला चहा गार झाला.

माझी विनंती एवढीच आहे की, कंपनीने काही जाहीर केले असेल तर ते तिच्या निवेदनातून द्यावे आणि तुलना कोणत्या तिमाहीशी आहे ते आकड्यालगत लिहावे. बक्षीस समभाग, समभाग विभाजन किंवा लाभांश यांच्या हिशेबाने भाव बदलला असल्यास तक्त्यात त्या नावापुढे एक फुली मारावी. जेव्हा कारण सापडत नसेल, तेव्हा ‘आज या शेअरच्या घसरणीमागे ठोस कारण आढळले नाही’ असे सरळ छापावे. तिमाही निकालांचा पुढचा हंगाम सुरू होण्यापूर्वी याचा विचार व्हावा.

आपला नम्र,
एक नियमित वाचक, डोंबिवली (पूर्व)