घुमटाखाली एक दुपार

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर म्हणालीस, "आई, आता चर्च बघवत नाहीत. सगळी सारखीच दिसतात." दहा दिवसांच्या सुट्टीत सहा शहरं केलीस म्हटल्यावर दुसरं काय होणार? तेव्हा मी हसले, पण रात्री ते वाक्य डोक्यात घोळत राहिलं. मोबाइलवर लिहायला गेलं की माझं दोन ओळींत आटपतं, म्हणून कागद घेतला.

आधी माझा गुन्हा कबूल करते. तू दोन वर्षांची असताना मी एका सहल कंपनीबरोबर युरोपला गेले होते, आठवतंय ना फोटोतलं ते लाल स्वेटर? त्यात इटलीतलं फ्लॉरेन्स होतं पस्तीस मिनिटांचं. पुढे छत्री उंच धरून चालणारा गाइड, मागे आम्ही चाळीस जण. त्यातली वीस मिनिटं माझी स्वच्छतागृहाच्या रांगेत गेली. कॅथेड्रलच्या दारातून मान आत घातली, "अरे वा, मोठं आहे" म्हटलं आणि बस पकडली. आणि ही बाई पोटापाण्यासाठी बांधकाम करणारी! त्या घुमटाबद्दल नीट वाचलं ते परत आल्यावर. तेव्हापासून एक रुखरुख आहे, ती आता तुझ्या गळ्यात बांधतेय.

माझी सगळी नोकरी स्लॅब आणि सेंटरिंगमध्ये गेली, म्हणजे ओलं बांधकाम सुकेपर्यंत त्याला खालून दिलेला तात्पुरता आधार. सेंटरिंग खोलायच्या दिवशी अजूनही माझ्या पोटात गोळा येतो. तर या लोकांनी काय केलं बघ. 1296 मध्ये कॅथेड्रल बांधायला घेतलं आणि मध्यभागी अष्टकोनी भोक ठेवलं, साधारण 45 मीटर रुंद आणि जमिनीपासून पन्नास मीटरहून उंच. त्यावर घुमट कसा चढवायचा हे कुणालाच ठाऊक नव्हतं. एवढ्या पोकळीला खालून आधार द्यायचा तर लाकडाचं जंगल उभं करावं लागलं असतं. शंभरावर वर्षं गेली. 1418 मध्ये स्पर्धा जाहीर झाली, आणि शेवटी काम मिळालं ब्रुनेलेस्कीला. तो मूळचा गवंडी नव्हे, सोनार!

त्यानं खालून सेंटरिंग लावलंच नाही. युक्ती विटांच्या मांडणीत आहे. आडव्या विटांच्या ओळीत ठरावीक अंतरावर एक वीट उभी. उभी वीट खालच्या थरात पाय रोवते आणि वरच्या थरात डोकं काढते. त्यामुळे चुना ओला असला तरी दोन उभ्या विटांमधल्या आडव्या विटा आत घसरत नाहीत. थर फिरून पुरा झाला की त्याचं कडं होतं, ते स्वतःला धरून ठेवतं, आणि त्याच्यावर पुढचा थर. असा 1420 ते 1436, सोळा वर्षं, हवेत पुढे सरकत गेलेला घुमट. खरं तर एकात एक असे दोन घुमट आहेत, आणि त्यांच्या मधल्या फटीतून 463 पायऱ्या वर जातात. चढशील तेव्हा धापा टाकत पायांकडे बघू नकोस, भिंतीकडे बघ. काही ठिकाणी गिलावा नाही, तिथे त्या उभ्या विटा उघड्या दिसतात. हात लाव एकीला. माझ्या वतीनं.

"सगळी सारखीच" या तुझ्या तक्रारीवर माझ्याकडे एवढंच उत्तर आहे. सहा इमारती बघू नकोस, एकच बघ, पण तिच्यात दिवस घालव. मी ही निवडलीय कारण तिच्यात एकदा शिरलं की ती तुला भलत्याच ठिकाणी नेऊन सोडते.

उदाहरणार्थ आकाशात. घुमट पुरा झाल्यावर त्याच्या डोक्यावर संगमरवरी मनोरा चढवला. 1475 मध्ये तोस्कानेल्ली नावाच्या खगोल जाणणाऱ्या गृहस्थांनी तिथे, जमिनीपासून सुमारे नव्वद मीटरवर, मधोमध भोक असलेली काशाची पट्टी बसवली. झालं, अख्खं कॅथेड्रल म्हणजे एक सूर्ययंत्र. 21 जूनच्या आसपास मध्यान्हीला, म्हणजे तिथल्या घड्याळात दुपारी सव्वाच्या सुमाराला, त्या भोकातून आलेला किरण खाली फरशीवर पडतो. ठिपका नव्हे हं, सूर्याची प्रतिमाच, जवळजवळ मीटरभर रुंद. शाळेत आपण पुठ्ठ्याला टाचणीनं भोक पाडून ग्रहण बघितलं होतं तेच, फक्त पुठ्ठा नव्वद मीटर उंच. आणि ती सरकते. आकाशात सूर्य आपल्या रुंदीइतकं अंतर दोनेक मिनिटांत कापतो, पण ते डोळ्यांना कधी जाणवतं का? इथे जाणवतं. तबकडी फरशीवरून चालताना दिसते. सरकतेय ती पृथ्वी, आणि आपण तिच्यावर उभे आहोत, हे एरवी पुस्तकातच राहतं. अठराव्या शतकात तिथे मध्यान्हरेषा आखून पृथ्वीच्या आसाचा कल किती हेही बारकाईनं तपासलं गेलं. एका देवळात! जूनमधल्या काही दिवशी लोकांना हे दाखवतात, आधी चौकशी करून जा.

आता गाणं. 25 मार्च 1436 ला पोपच्या हस्ते कॅथेड्रलचं अर्पण झालं. त्यासाठी पोपच्या गायकवृंदातल्या द्युफाई या संगीतकारानं एक रचना केली. चार आवाज आहेत. वरचे दोन मरियेला उद्देशून या नव्या मंदिराबद्दल गातात आणि फ्लॉरेन्सच्या लोकांसाठी प्रार्थना करतात, खालचे दोन एकच जुनं स्तोत्र गातात, पण एक दुसऱ्याच्या मागून आणि पंचमाच्या अंतरानं. बाबांना ऐकवलं तर म्हणाले, "तानपुरा गायला लागल्यासारखं वाटतंय." हे स्तोत्र चार वेळा येतं आणि दर वेळी लय बदलते, प्रमाण 6:4:2:3. 1973 मध्ये एका अभ्यासकानं मांडलं की हे प्रमाण कॅथेड्रलच्या मापांवरून उचललंय. मला केवढा आनंद झाला होता, इमारतच गातेय म्हणून! पुढे दुसऱ्यानं मापं काढून दाखवलं की तसं काही जुळत नाही; हे आकडे बायबलमधल्या सॉलोमनच्या मंदिराचे आहेत, लांबी 60, आतलं दालन 40, रुंदी 20, उंची 30. पहिली गोष्ट खरी निघायला हवी होती, फार गोड होती. पण माप जुळत नाही तर नाही जुळत, मी कुणाचं बिल तसं पास केलं नसतं.

खालच्या आवाजांत जे शब्द आहेत ते मात्र मला सोडत नाहीत. लॅटिनमध्ये आहेत, अर्थ असा की हे ठिकाण किती भयंकर आहे. देवळाच्या उद्घाटनाला हे शब्द! ते बायबलमधल्या याकोबाचे. प्रवासात रात्र झाली म्हणून तो उघड्यावर, उशाला दगड घेऊन झोपतो, स्वप्नात त्याला आभाळाला टेकलेला जिना दिसतो आणि दचकून उठल्यावर तो हे म्हणतो. सुंदर, भव्य, अप्रतिम असलं काही त्याला सुचलं नाही. रात्री काळोखात गच्चीवर उताणं पडल्यावर क्षणभर पोटात खड्डा पडतो ना, वर पडतोय की काय असं वाटतं, ते हे असणार. ती रचना ऐकायची तर हेडफोनवर ऐक, पण आधी आत उभी राहून ओठ मिटून हलकेच एक सा लाव. कुणी रागावलं तर माफी माग. एवढ्या दगडी पोकळीत आवाज संपल्यावरही काही वेळ रेंगाळतो. तो विरताना ऐकलास की त्या काळचे लोक एक स्वर दुसऱ्यावर इतक्या सावकाश का ठेवत, हे सांगावं लागणार नाही.

कविताही याच छपराखाली आहे. डाव्या भिंतीवर दांतेचं चित्र शोध, 1465 चं. हातात त्याचं महाकाव्य, मागे पर्वत, बाजूला फ्लॉरेन्स आणि त्यात हा घुमट. गंमत अशी की दांते 1321 मध्येच गेला, म्हणजे घुमट त्यानं कधी पाहिलाच नाही. शहरानं त्याला 1302 मध्ये हद्दपार केलं, तो परत येऊ शकला नाही, आणि मेल्यावर दीडशे वर्षांनी त्याला सन्मानानं भिंतीवर टांगलं. त्याच्या काव्याचे तीन भाग आहेत, नरक, शुद्धिलोक आणि स्वर्ग. तिन्हींचा शेवटचा शब्द एकच: तारे. नरकातून वर आल्यावर त्याला पहिल्यांदा दिसतात ते तारेच. तुझ्या वर्गातल्या त्या इटालियन मुलीकडून तिन्ही शेवटच्या ओळी मोठ्यानं वाचून घे. अर्थ नंतर विचार.

आणि हे वाचून तू डोळे फिरवशील तरी सांगते. या कॅथेड्रलचा पाया घातला ते 1296 हे ज्ञानदेवांच्या समाधीचंही वर्ष. दांते त्यांच्याहून दहा वर्षांनी मोठा. एकानं लॅटिन सोडून आपल्या बोलीत लिहिलं, दुसऱ्यानं संस्कृत सोडून, आणि दोघांना एकमेकांचा पत्ता नाही. विश्वरूपदर्शनाच्या अध्यायाला सुरुवात करताना ज्ञानदेव म्हणतात की शांतरसाच्या घरी अद्भुत पाहुणा आलाय. घर शांताचं, हे महत्त्वाचं. पस्तीस मिनिटांत पाहुणा यायचा कसा?

संध्याकाळी नदी ओलांडून सान मिनियातोच्या टेकडीवर जा. तिथल्या चर्चच्या फरशीत 1207 सालचं संगमरवरी राशीचक्र आहे, ते उजेडात बघून घे. मग बाहेर पायऱ्यांवर बस. समोर घुमट. मागच्या बाजूला आर्चेत्रीच्या टेकड्या, तिथे गॅलिलिओ नजरकैदेत राहिला आणि 1642 मध्ये गेला. शेवटची चार वर्षं तो आंधळा होता. कृत्तिकांच्या पुंजक्यात जिथे लोकांना सहा तारका दिसत, तिथे दुर्बिणीतून चाळीसहून जास्त बघणारा माणूस! तू पाच वर्षांची असताना, दिवे गेलेले असताना, गच्चीवर कृत्तिका मोजल्या होत्यास आणि अकरा आहेत म्हणून भांडली होतीस. तुला तेव्हा अकराच्या पुढे मोजता येत नव्हतं, हे मला नंतर कळलं. गॅलिलिओचे वडील संगीतवाले होते. तार एक सप्तक वर चढवायची तर ताण दुप्पट नव्हे, चौपट लागतो हे त्यांनी दाखवलं होतं. पोरगा स्वतः ल्यूट हे तंतुवाद्य वाजवायचा. दिसेनासं झाल्यावर वाजवत असेल का, असं मनात येतं.

शहराच्या उजेडात फार तारे दिसणार नाहीत. पण जूनमध्ये अभिजित आणि स्वाती चुकायचे नाहीत. ध्रुव शोध, तिथे तो जवळजवळ 44 अंश वर असेल, तुला आपला सवयीचा खाली बसलेला ध्रुव आठवून चुकल्यासारखं होईल. त्या अंशांत तू किती उत्तरेला आहेस ते लिहिलेलं असतं. उलट वृश्चिकातली लाल ज्येष्ठा दक्षिणेला अगदी खाली, रात्री पावणेबाराच्या सुमाराला वीसच अंश वर.

ती दिसली की फोन कर. इथे सव्वातीन वाजले असतील आणि पावसाचं आभाळ असेल, मला काहीच दिसणार नाही. तू बघ आणि सांगत जा. मी जागी आहे.

तुझी
आई

ता. क. आत खांदे झाकलेले लागतात. ती निळी ओढणी बरोबर घे.