सांगलीची बोली आणि सह्याद्री वाहिनी : माहिती व प्रसारण मंत्र्यांना खुले पत्र

मा. केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्री, नवी दिल्ली यांसी,

सप्रेम नमस्कार.

देशातील विविध प्रदेशांच्या संस्कृतींना व भाषांना पुरेसे स्थान देणे हे दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारती या सार्वजनिक प्रसारकाचे कर्तव्य असल्याचे प्रसार भारती कायदा, १९९० च्या कलम १२ मध्ये नमूद आहे. सांगली जिल्ह्यापुरते बोलायचे, तर हे कर्तव्य कागदावरच राहिले आहे.

२ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झाले आणि ‘आमची माती आमची माणसं’मधून शेतकरी पडद्यावर आला. पुढे १५ ऑगस्ट १९८२ पासून दिल्लीचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. ‘हम लोग’ आणि ‘रामायण’ यांनी अवघ्या देशाला एकाच वेळी पडद्यासमोर बसवले, हे मोठेच काम होते. मात्र त्या एकत्र बसण्यात बोलायचे दिल्लीने आणि ऐकायचे आम्ही, अशी वाटणी झाली. खासगी वाहिन्या आल्यावर मराठी मालिका उदंड झाल्या, पण त्यांत ‘कवा आलाईस?’ असे विचारणारे पात्र बहुधा घरगडी, पैलवान किंवा गावगुंड असते. डॉक्टर आणि प्राध्यापक पुण्याचीच भाषा बोलतात. (आमच्याकडचे डॉक्टर रुग्णाला ‘कुठं दुखतंय, मावशी?’ असेच विचारतात, हे लेखकांच्या कानावर कधी पडले नसावे.)

ज्या सांगलीत १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणले, जिथल्या रेठरे हरणाक्षने पठ्ठे बापूराव दिले आणि कवलापूरने काळू-बाळूंचा तमाशा दिला, त्या जिल्ह्याची आठवण वाहिन्यांना होते ती महापूर आला की किंवा निवडणूक लागली की.

प्रसार भारती स्वायत्त आहे, असे उत्तर आपल्या कार्यालयाकडून येईल. तथापि, संसदेत तिच्या अनुदानाची मागणी आपलेच मंत्रालय मांडते, त्यामुळे पुढील विनंती आपल्याकडेच करणे भाग आहे. सह्याद्री वाहिनीवर रात्रीच्या मुख्य वेळेत आठवड्यातून एक तास जिल्ह्यांत चित्रित झालेल्या, तिथल्याच बोलीतल्या कार्यक्रमांसाठी राखून ठेवावा आणि त्यांचे लेखन स्थानिक मंडळींकडे सोपवावे. तसेच मुंबई केंद्राच्या संग्रहातील लोककलांच्या चित्रफिती कलावंत, गाव व सालाच्या नोंदींसह सर्वांना विनामूल्य पाहता येतील, अशी व्यवस्था करावी. तमाशातील जुनी पिढी झपाट्याने सरत चालली आहे; त्या नोंदी तपासून देणारी माणसे आज आहेत, तोवरच हे काम हाती घ्यावे.

आपला विश्वासू,
सांगलीचा एक प्रेक्षक