ताराला कडेवर घेऊन कोल्हापूर दाखवणाऱ्या काका-काकूंना

आदरणीय काका-काकू,
सप्रेम नमस्कार.

तुम्ही पिल्लूपणी सांभाळलेली लॅब्राडॉर कुत्री तारा आता आमच्याकडे मदतनीस कुत्र्याच्या पुढच्या प्रशिक्षणाला रुळली आहे. व्हीलचेअरवरच्या माणसाची खाली पडलेली किल्ली उचलून देणं, दोर ओढून दार उघडणं हे आम्ही शिकवू. पण मुळात शिकण्याजोगं, धीट पिल्लू तुम्ही राजारामपुरीतल्या घरात घडवलंत, म्हणून हे जाहीर आभार.

खरी कसोटी आठव्या ते सोळाव्या आठवड्यात होती. नवी गोष्ट न घाबरता स्वीकारायचं पिल्लाचं वय तिसऱ्या आठवड्यापासून साधारण चौदाव्यापर्यंतच. नेमकी तेव्हाच पार्व्होची, म्हणजे पिल्लांच्या जीवघेण्या उलट्या-जुलाबांच्या रोगावरची, लस अपुरी असते. आईकडून मिळालेली प्रतिकारशक्ती लशीला निष्प्रभ करू शकते, म्हणून दर तीन-चार आठवड्यांनी डोस द्यावे लागतात, थेट सोळाव्या आठवड्यापर्यंत. पार्व्होचा विषाणू मातीत महिनोन्महिने टिकतो. या भीतीनं बरेच जण पिल्लू घरातच कोंडतात. रोग टळतो, पण मोठा झालेला कुत्रा बसच्या ब्रेकला दचकतो आणि कामातून बाद होतो.

तुम्ही तिला कडेवर घेतलंत. आधी पाच-सहा किलोचं ओझं, पुढे दुपटीच्या वर! पाय जमिनीला न लावता तिनं महाद्वार रोडची गर्दी पाहिली, कपिलतीर्थ मंडईतली ओरड ऐकली, एसटी स्टँडवरचा डिझेलचा वास घेतला. दर वेळी दहा-पंधरा मिनिटंच, आणि सुरुवात लांबून. हातातला खाऊ ती घेईना, सारखे ओठ चाटू लागली किंवा शेपूट पोटाखाली गेली, की तुम्ही मागे सरलात, ती पुन्हा खाऊ लागेपर्यंत. बहुतेकांचं इथंच चुकतं. ‘होईल सवय’ म्हणत ते पिल्लाला तिथंच धरून ठेवतात आणि भीती पक्की होते. हलगीचा आवाज तर तुम्ही जेवणाच्या वेळी मोबाइलवर अगदी बारीक लावलात, रोज थोडा वाढवत नेलात. मिरवणूक दाखवायची घाई केली नाहीत, हे फार बरं झालं.

कोल्हापुरी चपलेबद्दलही सांगायलाच हवं. तिनं ती पळवली तरी तुम्ही ओरडत मागे धावला नाहीत. खाली बसून, खाऊ पुढे करून अदलाबदल केलीत. पाठलाग केला की पिल्लाला तो खेळ वाटतो, आणि हिसकावून घेतलं की ते वस्तू लपवायला शिकतं. ताराला मात्र तोंडातली वस्तू माणसाच्या हातात देणं फायद्याचं वाटतं. औषधाचा डबा आणून देण्याचा निम्मा धडा तिथंच झाला.

रविवारी पाहुण्यांना पानातलं हाड टाकू दिलं नाहीत, यासाठी काकूंचे वेगळे आभार. शिजवलेल्या हाडाच्या अणकुचीदार चिरफळ्या आतड्यात रुततात, आणि रश्शातल्या कांदा-लसणानं कुत्र्याच्या तांबड्या पेशी फुटतात. गुळगुळीत फरशीवर पाय घसरू नयेत म्हणून तुम्ही चटया अंथरल्यात, जिन्यावरून तिला उचलून नेलंत. लॅब्राडॉरच्या खुब्याच्या सांध्याला वाढीच्या वयात हे जपावंच लागतं. गळ्यात दोरी असताना, ठरलेल्या शब्दाला, गवतावर आणि सिमेंटवरही शू करायची सवय लावलीत. उद्या तिला सांभाळणाऱ्याला चिखलात व्हीलचेअर न्यावी लागणार नाही.

जेवण, शी, झोप, नवे आवाज आणि त्यावर तिनं काय केलं, हे सगळं काकांनी वहीत तारीखवार लिहिलंय. रिक्षाच्या हॉर्नपाशी ‘दचकली, पण लगेच सावरली’ अशी नोंद आहे. आम्हाला ‘लगेच’ हाच शब्द हवा असतो. दचकतं प्रत्येक पिल्लू. ते किती पटकन सावरतं, त्यावर आम्ही निवड करतो.

या वहीची झेरॉक्स पिल्लं सांभाळणाऱ्या पुढच्या घरांना द्यायचा विचार आहे. तुमची हरकत नसेल तर तेवढं कळवा.

आपले,
ताराचे प्रशिक्षक