‘कापूस’ टाकला की ‘कापसाला’ सापडत नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मी अमळनेरचा. बत्तीस वर्षं मराठी शिकवून निवृत्त झालो. संगणकातलं मला फारसं कळत नाही, हे आधीच सांगून टाकतो. पत्र व्याकरणाबद्दल आहे.

माझी नात जळगावला संगणकशास्त्रात एम.एस्सी. करते. ‘इन्फर्मेशन रिट्रीव्हल’ नावाचा तिला एक विषय आहे. ढीगभर मजकुरातून हवं ते कसं हुडकायचं, याचं शास्त्र. त्यासाठी एक शोधनिबंध निवडून त्यावर दोन पानं लिहायची होती. अर्ध्या वर्गाने गूगलच्या संस्थापकांचा १९९८चा निबंध उचलला, कारण त्याचे आयते सारांश मिळतात. (आमच्या वेळी गाइडं मिळायची.) नातीने घेतला २०१०चा एक निबंध, हिंदी, मराठी आणि बंगाली मजकूर कसा शोधावा यावरचा. लिहिणारे स्वित्झर्लंडच्या न्यूशाटेल विद्यापीठातले, ल्यिलियाना डोलामिच आणि झाक सावोय. दिवाळीच्या सुटीत प्रिंट घेऊन आली आणि म्हणाली, “आबा, यात तुमचंच काम आहे. सामान्यरूप.”

आणि खरंच होतं. आपल्याला ‘घर, घरात, घरातून, घरासमोरच्या’ हा एकच शब्द दिसतो. यंत्राला ते चार वेगळे शब्द वाटतात. म्हणून प्रत्यय छाटणारी एक युक्ती करतात, तिला ‘स्टेमर’ म्हणतात. नुसते लिंग-वचन-विभक्तीचे प्रत्यय छाटणारा हलका, आणि शब्द घडवणारे प्रत्ययही छाटणारा जरा आडदांड. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेच्या पुढाकाराने २००८ साली भारतीय भाषांतला मजकूर शोधण्याच्या पद्धती पारखणारा ‘फायर’ हा उपक्रम सुरू झाला. त्यात जमवलेल्या वृत्तपत्रांतल्या बातम्यांवर या दोघांनी हे सगळं तपासून पाहिलं. काहीच न छाटण्याच्या मानाने आडदांड छाटणीने शोधाच्या अचूकतेत हिंदीत सुमारे २८ टक्के, बंगालीत १८ आणि मराठीत ४२ टक्के सुधारणा झाली. आपल्या शब्दाला शेपटं जास्त, म्हणून कात्रीचा उपयोगही जास्त, असा मी त्याचा अर्थ लावला.

नातीने लिहिलं होतं, “मराठीत ४२ टक्के अचूकता मिळाली.” मी लाल पेन काढला. शंभरात २० गुणवाल्या पोराने २८ आणले तर वाढ ४० टक्क्यांची होते, पण पोरगं नापासच ना? तिने निबंध पुन्हा उघडला. तेव्हा उलगडलं, की नातबाईंनी पहिलं पान आणि शेवटचं पान वाचलं होतं. मधे एकेक प्रश्न सुटा घेऊन कुठे जमलं, कुठे फसलं याची छाननी आहे, ती राहूनच गेली होती. मूल्यमापनाच्या कागदावर रकाने चारच: सारांश, पद्धत, निष्कर्ष, मर्यादा. ‘मर्यादा’खाली म्हणे सगळा वर्ग लिहितो, “आणखी संशोधनाची गरज आहे.”

मला मात्र झोंबलं ते पुढचं. शब्दाची पहिली चार अक्षरं ठेवून बाकीचं सरळ कापलं, तरी निकाल जवळपास आडदांड स्टेमरइतकाच येतो! म्हणजे आयुष्यभर घोकवलेलं ‘स, ला, ते’ गेलं कुठे? म्हटलं, पाहू. संध्याकाळी ओट्यावर बसून आम्ही जिल्ह्यातली नावं कापायला घेतली. संगणक काना, मात्रा, अनुस्वार वेगळे मोजतो, तसेच मोजले. ‘पारोळा’ आणि ‘पारोळ्यात’, दोन्हींचं ‘पारो’. उत्तम. ‘भुसावळ’चा झाला ‘भुसा’, म्हणजे रेल्वेचं जंक्शन गुरांच्या गव्हाणीत. ‘चाळीसगाव’ गेलं ‘चाळीस’ आणि ‘चाळी’च्या घोळक्यात. ‘एरंडोल’ झालं ‘एरंड’. नात हसून लोळत होती.

मग मी ‘कापूस’ लिहिला. कापला की ‘कापू’, आणि तो जाऊन बसतो ‘कापून टाकला’च्या पंक्तीला. उलट ‘कापसाला’चं होतं ‘कापस’. एकाच शेतातले दोघे भाऊ, भेटच नाही. मधल्या अक्षरातला ई-ऊ सामान्यरूपात ‘अ’ होतो. बेरीज-बेरजेला, लाकूड-लाकडाला, कापूस-कापसाला. शाळेतलं व्याकरण आहे हे. शेपूट कापून भागत नाही, पोटातही बदल होतो. ‘पाऊस’चं ‘पावसाने’ तर आणखीनच वेगळं. सरासरीत हे बुडून जातं. पण ज्या जिल्ह्यात बातम्याच पाऊस आणि कापूस यांच्या, तिथे काय करायचं?

संपादक महोदय, आता आपल्याकडे वळतो. आपल्या संकेतस्थळाच्या शोधपेटीत आम्ही ‘कापूस खरेदी’ टाकलं, तीन बातम्या आल्या. ‘कापसाची खरेदी’ टाकलं तर पानभर आल्या, आणि पहिल्या तिघींतली एकही त्यात नव्हती. जुनी बातमी शोधणाऱ्या शेतकऱ्याने आधी विभक्ती ओळखायची का? ही पेटी करणाऱ्यांना एखाद्या मराठीच्या मास्तराबरोबर दोन दिवस बसवा. मी मोकळाच आहे, चहावर येईन.

आणि प्राध्यापक मंडळींना विनंती, त्या चार रकान्यांत पाचवा घाला: निबंधातली युक्ती आपल्या तालुक्यातल्या दहा शब्दांवर लावून दाखवा. नेटवर त्याचं उत्तर आयतं मिळणार नाही.

नातीने ते केलं. शिवाय आमच्या अहिराणीत ‘घराला’चं ‘घरले’ आणि ‘घरात’चं ‘घरमा’ होतं, तिथे प्रमाण मराठीचे प्रत्यय छाटणारी कात्री चालणार नाही, हेही तिच्या लक्षात आलं. पण मर्यादा दोन पानांची. म्हणून तो मुद्दा बारीक टायपात तळटीपेत गेला. तिला दहापैकी आठ गुण पडले. तळटीप सरांनी वाचली की नाही, ते कळलेलं नाही.

आपला,
एक निवृत्त मराठी शिक्षक,
अमळनेर, जि. जळगाव